कुलपातले डावखुरे शंख

कवळीकाका वाळूवरसुद्धा सहजी विश्वास ठेवत नाहीत. धक्क्याखालून पिशवीभर वाळू आणली की आधी ती वर्तमानपत्रावर पसरतात आणि उलटतपासणीला उभ्या केलेल्या साक्षीदाराकडे बघावं तसं तिच्याकडे बघत बसतात. ही इथलीच का? कुणी बांधकामाची आणून ओतलेली तर नाही? एकदा तिच्यात लांबच्या उबदार समुद्रातली कवडी निघाली. दुसऱ्या कुणी ती चार लोकांत मिरवली असती. काकांनी धक्क्यावरच्या भेटवस्तूंच्या दुकानात जाऊन तसल्याच कवड्यांनी भरलेली बरणी शोधून काढली आणि दुकानदाराला विचारलं, "फुटक्या कवड्या कुठं टाकता?"

"पाण्यात," दुकानदार म्हणाला. "का, दंड आहे का?"

काका समाधानानं घरी आले. संशय खरा ठरला की त्यांना भूक चांगली लागते, असं काकूंचं निरीक्षण आहे.

काकांनी उभं आयुष्य एका दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या केल्या. पुढे डॉक्टर तोंडाचा साचा घ्यायचे, मागे काका त्यावर मेण चढवायचे, दात लावायचे, घासायचे, चकाकी आणायचे. त्या खोलीला खिडकी एकच, तीही भिंतीकडे उघडणारी. पण माणसांबद्दल जे काही कळायचं ते काकांना तिथं बसूनच कळलं. कवळी "आपोआप" तुटली म्हणून कुणी घेऊन आलं, की काका भिंगातून तिच्यावरच्या खुणा बघायचे आणि विचारायचे, "कुत्रा पाळलाय का?" बहुतेक वेळा पाळलेला असायचा. लोक खोटं बोलतात हा काकांचा राग नव्हता, अनुभव होता. निवृत्त झाले तेव्हा बारीक कुंचले, चिमटे, भिंग आणि गुलाबी मेणाची डबी एवढा संसार त्यांच्याबरोबर घरी आला. अनुभवही आला.

कुंचल्यांना काम हवं म्हणून काका शंखांकडे वळले. मोठे, कानाला लावून ऐकायचे, शोकेसमध्ये ठेवायचे शंख नव्हेत. त्यांचे शंख तिळाएवढे. वाळू चाळायची, वाळवायची, ताटलीत थोडी थोडी घ्यायची आणि ओल्या कुंचल्याच्या टोकानं एकेक कण बाजूला सारत जायचं. हजार कणांत एखादा कण वळसे घेतलेला निघतो. तो शंख. त्यात कधीकाळी एक गोगलगाय राहत होती, जेवत होती आणि कुणाच्या अध्यातमध्यात नव्हती. काकूंच्या मते नवऱ्यानं माणसांऐवजी तिची निवड करण्याचं हेच कारण.

त्यातली एक जात काकांची खास. शंखाचा शेंडा वर धरला आणि तोंड आपल्याकडे केलं, तर जवळपास सगळ्या गोगलगायींचं तोंड उजवीकडे उघडतं. हिचं डावीकडे. उंच, निमुळता मनोरा, त्यावर मण्यांच्या ओळी, रंग जुन्या काचेसारखा. काका तिला डावखुरी म्हणत. ही गोगलगाय समुद्रातल्या स्पंजावर जगते, त्यामुळे नुसत्या वाळूत क्वचित सापडते. मच्छीमार जाळ्यात अडकलेले स्पंज उपटून धक्क्यावर फेकतात, ते काका बादलीत भरून आणत आणि न्हाणीघरात पिळत. अशा पिळलेल्या पाण्यातून त्यांनी कित्येक वर्षांत मूठभर डावखुऱ्या जमवल्या होत्या. मूठभर म्हणजे त्यांच्या नव्हे, लहान मुलाच्या मुठीत मावतील एवढ्या.

मोठ्या शहरातल्या संग्रहालयात गोगलगायींचा अभ्यास करणाऱ्या एक बाई होत्या. काकांनी पाठवलेले फोटो बघून त्यांनी फोन केला होता. म्हणाल्या, "शेंड्यावरची नक्षी वेगळी दिसतेय. पिल्लू असताना बनलेले पहिले दोन-तीन वळसे असतात ना, जात त्यावरूनच ठरते. तुमची ही कदाचित अजून कुणी नोंदवलेलीच नाही. मी स्वतः येते. तोवर जपा."

जपा हा शब्द कवळीकाकांपुढे उच्चारायला नको होता.

तोवर शंख पत्र्याच्या चपट्या डब्यांत, उघड्या फळीवर, बाहेरच्या खोलीत होते. कुणी त्यांना हात लावत नव्हतं, कारण त्यात काय आहे हे कुणाला माहीत नव्हतं आणि कुणाला पर्वाही नव्हती. पण त्याच सुमारास मुलाचं लग्न झालं आणि घरात सून आली. सून चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. बारीक कामाचा हात, बारीक बघायची सवय. आल्याच्या पहिल्याच आठवड्यात काकांच्या खांद्यामागून वाकून ती म्हणाली, "बाबा, एक बघू का?" आणि उत्तराची वाट न बघता चिमट्यानं एक डावखुरी उचलून उजेडात धरली. अगदी बरोबर धरली. काकांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथं. आजवर घरातल्या कुणाला यात रस नव्हता. हिला कसा?

"शिकवा की तिला," मुलगा म्हणाला. "तुम्हालाही सोबत."

"मला सोबतीची गरज नाही," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते सुताराकडे गेले.

कपाट आलं तेव्हा शेजारीपाजारी बघायला आले, इतकं ते देखणं होतं. ओकचं लाकूड, कुठल्याशा पाडलेल्या शाळेच्या बाकांचं. छातीएवढी उंची, एकाखाली एक उथळ ड्रॉवर, एक कुलूप आणि एक किल्ली. ती काकांनी दोरीत ओवून गळ्यात घातली. ड्रॉवरच्या कडांना त्यांनी स्वतः रबराची पट्टी चिकटवली.

"हे कशाला?" काकूंनी विचारलं.

"धूळ जायला नको. हवासुद्धा जायला नको."

"मलासुद्धा?"

"तुझं कुठं काय," काका म्हणाले. काकूंना त्यातला 'तुझं' नेमका ऐकू आला. सून तेव्हा शेजारीच खिडकी पुसत होती. तिलाही आला असावा.

संग्रहालयातल्या बाईंचं येणं पुढं ढकललं जात राहिलं. काकांनी वरचेवर ड्रॉवर उघडायचे नाहीत असं ठरवलं होतं. उघडलं की कुणीतरी बघतं. शेवटी बाईंनी येण्याचा महिना कळवला तेव्हा एका सकाळी दार लावून त्यांनी डावखुऱ्यांचा ड्रॉवर ओढला, आणि आधी वास आला. आंबट. मग भिंग लावलं. काचेसारखे शंख खडूसारखे दिसत होते. वर पांढरी, पिठासारखी पूड चढली होती. कुंचल्यानं ती झटकली तर पुडीबरोबर शेंड्यावरची नक्षीही गेली.

काका उठले, स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याखालची व्हिनेगरची बाटली उघडून हुंगली.

तोच वास.

आता हे सांगायला हवं की त्या घरात व्हिनेगर सुनेनं आणलं. ती खिडक्या, आरसे, किटलीतले पांढरे थर, सगळं व्हिनेगरनं साफ करायची. दुकानातली सवय. आणि शंख चुन्याचा, चुन्याला आंबट लागलं की तो विरघळतो, हे दात घडवणाऱ्या माणसाला कुणी सांगायला नको. कारण मिळालं, साधन मिळालं, माणूस मिळालं. राहता राहिलं कुलूप. पण किल्ली दोरीत असते आणि दोरी आंघोळीच्या वेळी खुंटीवर असते.

काका सुनेला काही बोलले नाहीत. ताकास तूर लागू द्यायची नाही हा त्यांचा बाणा. ते फक्त एका माणसाशी बोलले, थोरल्या बहिणीशी, फोनवर, आणि तेही हळू आवाजात. ताई गावाच्या दुसऱ्या टोकाला एकट्या राहत आणि संशयाच्या बाबतीत भावाच्या गुरू होत्या. दुधाची पिशवी त्या दोनदा तोलत, एकदा दुकानात आणि एकदा घरी.

"मी लग्नातच म्हटलं होतं," ताई म्हणाल्या. "फार गोड हसते."

"पण करेल कशाला असं?"

"अरे, बाहेरची खोली हवी असेल. तुझा हा पसारा गेला की खोली तिची. पाणी कुठं मुरतंय ते बघ."

ताईंना सांगणं म्हणजे सगळ्या नातेवाइकांना सांगणं. आठवडाभरात एका चुलत जावेनं सुनेला हसत हसत विचारलं, "काय गं, सासऱ्यांचे शंख धुतेस म्हणे व्हिनेगरनं?" सून घरी आली, पर्स टेबलावर ठेवली आणि सरळ काकांसमोर उभी राहिली.

"बाबा, मी काही केलंय का?"

"मी कुठं काय म्हणालो?"

"मला नाही म्हणालात. म्हणून तर विचारतेय."

काकांनी भिंग पुसायला घेतलं. सून आत गेली. संध्याकाळी मुलानं सांगितलं की दोघं वेगळी जागा बघताहेत. नंतर सांगितलं की बघितलीय. पुढच्या महिन्यात जाणार. माळ्यावरच्या बॅगा खाली आल्या. काकू काकांशी दिवसभरात एवढंच बोलल्या, "एकुलता एक मुलगा आहे. गोगलगायी भरपूर आहेत."

पण काकांना पुरावा हवा होता. उद्या कुणी म्हणायला नको की म्हाताऱ्यानं उगाच सुनेला घालवलं. त्यांनी सापळा लावला, आणि तो त्यांच्या धंद्याला शोभेल असा होता. प्रत्येक ड्रॉवरच्या फटीवर गुलाबी मेणाचा तांदळाच्या कणीएवढा थेंब, त्यावर करंगळीच्या टोकाचा ठसा. ड्रॉवर हलला की थेंब तुटणार, आणि दुसरा कुणी लावला तर ठसा जुळणार नाही. एवढ्यावर ते थांबले नाहीत. काही डावखुऱ्यांची तोंडं फुटलेली होती, म्हणून त्या कपाटात न घालता डब्यातच पडून होत्या. तो पत्र्याचा डबा त्यांनी मुद्दाम स्वयंपाकघराच्या खिडकीत, व्हिनेगरच्या बाटलीला खेटून, उघडा ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "याला कुणी हात लावू नका. यातले सगळ्यात दुर्मीळ आहेत."

"मग खिडकीत कशाला ठेवलेत?" काकूंनी विचारलं.

"ऊन लागावं म्हणून."

सुनेनं एकदा डब्याकडे आणि एकदा काकांकडे बघितलं. तिला सगळं कळलं असावं, कारण त्यानंतर ती ती खिडकी पुसताना डबा तसाच ठेवून भोवतीनं पुसायची, आणि पुसताना गाणं गुणगुणायची. काकांना ते गुणगुणणंही संशयास्पद वाटलं.

त्यांनी पुरेसे दिवस जाऊ दिले. मग घरात कुणी नाहीसं बघून भिंग घेऊन कपाटापुढं बसले. मेणाचे थेंब जिथल्या तिथं. ठसे त्यांचेच. त्यांनी डोळे ताणून ताणून बघितलं. करंगळीवर लहानपणी कापल्याचा व्रण आहे, तोही मेणात उतरलेला होता. म्हणजे कुणी उघडलेलं नाही. त्यांनी थेंब तोडून ड्रॉवर ओढला. मागच्या वेळी ज्या दोन-चार डावखुऱ्या धड होत्या, त्यांच्यावरही आता पूड होती.

दुसरी किल्ली, काकांच्या डोक्यात आलं. पण किल्ली दुसरी असली तरी करंगळी दुसरी कशी असेल? ते स्वयंपाकघरात गेले. खिडकीतल्या डब्यात, व्हिनेगरच्या बाटलीला खेटून, फुटक्या तोंडाच्या डावखुऱ्या उन्हात काचेसारख्या चमकत होत्या.

सापळा लागला होता, पण आत भलतंच कुणी अडकलं होतं. मग त्यांना सगळ्यात खालचा ड्रॉवर आठवला. त्यात त्यांनी कधीच काही ठेवलं नव्हतं. पुढं सापडतील त्या शंखांसाठी राखला होता. तो त्यांनी ओढून काढला, नाक आत घातलं आणि दचकून मागं झाले. रिकाम्या लाकडाला व्हिनेगरचा वास येत होता.

संग्रहालयातल्या बाईंना फोन लावला तेव्हा त्यांनी फार कमी विचारलं.

"कपाट कशाचं आहे?"

"ओकचं. जुनं. एक नंबर लाकूड."

"आणि घट्ट बंद?"

"हवासुद्धा आत जात नाही."

"म्हणजे बाहेरही येत नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी समजावून सांगितलं. ओकमधून आंबट वाफ सुटत राहते, जुन्या लाकडातूनसुद्धा. मोकळ्या खोलीत ती विरून जाते. कोंडली की शंखाचा चुना खाते. रबराची पट्टी लावली नसती तरी थोडंफार नुकसान झालंच असतं, पण पट्टी लावल्यामुळं काही शिल्लक राहिलं नाही. "आधी कशात ठेवायचात?"

"पत्र्याच्या डब्यांत. उघड्यावर."

"किती छान होतं ते," बाई हळहळल्या. "एकही शेंडा धड नाही?"

काकांनी खिडकीकडे बघितलं. "तोंड फुटलेल्या आहेत काही."

"तोंड फुटू दे. मला शेंडा हवाय."

म्हणजे जात वाचली. काकांना त्याचा आनंद व्हायला हवा होता. पण दाराशी दोन भरलेल्या बॅगा होत्या, आणि त्यांच्या शेजारून ये-जा करताना त्यांना अंग चोरावं लागत होतं.

संध्याकाळी सून आली तसे ते तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. सरळ बोलायची सवय नसल्यानं सुरुवात लाकडापासून झाली. ओक, वाफ, चुना, रबर, मग मेणावरचे ठसे. सुनेनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मी केलं नाही?"

"नाही."

"हे तुम्हाला मेणानं सांगितलं."

"हो."

"मी तोंडानं सांगितलं होतं."

मुलगा मध्ये पडू बघत होता, त्याला काकूंनी नुसत्या डोळ्यांनी खाली बसवलं.

"ठीक आहे," सून म्हणाली. "मग आत्यांना फोन करा. आत्ता. माझ्यासमोर. जसं तेव्हा सांगितलंत तसंच हे सांगा. मग बॅगांचं बघू."

काकांनी फोन लावला. सुनेनं स्पीकरचं बटण दाबलं. काकांनी पुन्हा ओकपासून सुरुवात केली. ताईंनी मध्येच तोडलं.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही गं. मी स्वतः शोधून काढलं."

"लाकडातून व्हिनेगर येतं? मी काय आज जन्मले? अरे, ती शेजारी उभी आहे का? असेल तर नुसतं हं म्हण."

काकांनी सुनेकडे बघितलं. सून फोनवर वाकली आणि म्हणाली, "हं."

"बघ," ताई म्हणाल्या. "वाटलंच मला."

"आत्या, मी बोलतेय."

पलीकडून फोन बंद झाला. काकू तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेल्या. हसायला की रडायला, ते तेव्हा कुणाला कळलं नाही.

"जागेच्या मालकाला थोडं थांबायला सांगते," सून म्हणाली. "आत्या मानल्या तर बॅगा वर जातील. नाही मानल्या तर खाली जातील. मी या घराण्यात असा डाग घेऊन वावरणार नाही."

ताईंना बोलून पटवणं अशक्य आहे हे काकांइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांनी तो खालचा रिकामा ड्रॉवर उपसला, झाकणाला ओकचीच एक फळी घेतली, आत वाळूतले साधेसुधे शंख ठेवले आणि ते धूड मांडीवर घेऊन बसनं ताईंकडे गेले. ताईंनी ड्रॉवर हुंगला.

"तिनं आत शिंपडलं असणार."

"धुऊन घे. तुझ्या हातानं. वाळव. शंखही तूच धू. मग फळी ठेव, भोवती प्लास्टिक गुंडाळ, तुझ्या ट्रंकेत टाक. कुलूप तुझं, किल्ली तुझी. मी इकडे फिरकणारसुद्धा नाही."

हे ताईंच्या मनासारखं होतं. त्यांनी ड्रॉवर दोनदा धुतला.

मग ते सगळे थांबले. सून आणि मुलगा बॅगांतूनच कपडे काढत आणि बॅगांतच परत ठेवत. घरात बोलणं व्हायचं ते कामापुरतं. काकांनी सगळे शंख पुन्हा पत्र्याच्या डब्यांत काढून उघड्या फळीवर मांडले होते. ओकच्या कपाटात काकूंनी चपला ठेवायला सुरुवात केली होती. संग्रहालयातल्या बाई येऊन फुटक्या तोंडाच्या डावखुऱ्या कापसात घालून घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या की सगळं जमलं तर जातीला नाव द्यावं लागेल, तुम्ही सुचवा. काका म्हणाले, बघू. एरवी त्यांनी लगेच विचारलं असतं की सुचवलेलं खरंच देणार का.

ऋतू पालटला, हवा दमट झाली, आणि एका रविवारी दुपारी सुनेच्या फोनवर ताईंचा फोन आला. काकांच्या नव्हे, सुनेच्या.

"तो ड्रॉवर घेऊन जा," ताई म्हणाल्या. "माझ्या ट्रंकेतल्या साड्यांना वास लागला."

"कसला वास, आत्या?"

"आंबट."

"आणि शंख?"

"पांढरे झालेत. बोट लावलं की पीठ." पुढचं ताईंनी न विचारताच सांगितलं. "किल्ली माझ्याकडेच होती. उशीखाली."

"एक मिनिट हं," सून म्हणाली. तिनं फोन टेबलाच्या मध्यभागी ठेवला, स्पीकर लावला आणि नवऱ्याला, काकूंना आणि काकांना हाका मारल्या. "हां, आत्या. आता पुन्हा एकदा सांगा."

ताईंनी सांगितलं. रुक्षपणे, पण पूर्ण सांगितलं. तुझा हात नव्हता, हेही म्हणाल्या. चुलत जावेला मी कळवते, हेही. सुनेनं "बरं" एवढंच म्हटलं आणि नवऱ्याला खूण केली. तो शिडी आणायला गेला.

"पण मी काय म्हणते," ताईंचा आवाज खाली आला. "एवढं ओकचं काम करणारा सुतार. त्याला हे माहीत नसेल?"

काका फोनजवळ सरकले.

"मी कधीपासून तोच विचार करतोय," ते म्हणाले.

सुनेनं स्पीकर बंद केला, फोन त्यांच्या हातात दिला आणि पहिली बॅग उचलून शिडीवर उभ्या असलेल्या नवऱ्याकडे दिली.